माधवराव सप्रे : रामदासी मठातील संपादक

आपल्या मंडळास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. अशा प्रसंगी स्मरणिकेत संस्थापकांची छायाचित्रे येतात, अध्यक्ष व कार्यवाह यांच्या नामावळ्या येतात, गणेशोत्सवांचा आणि नाट्यप्रयोगांचा वृत्तान्त येतो. आणि ते योग्यच आहे. परंतु या नामावळ्या वाचताना जुन्या सभासदांची नजर काही ठिकाणी अडखळते. अमुक गृहस्थ इतकी वर्षे चिटणीस होते, मग पुढे त्यांचे नाव कोठेच कसे नाही? कोणाचे मतभेद झाले. कोणाच्या हातून एखादी चूक घडली आणि पुन्हा त्याच सतरंजीवर येऊन बसण्याचे धैर्य त्यांस झाले नाही. कोणास आपण आता येथले राहिलो नाही असे हळूहळू वाटू लागले. त्यांची छायाचित्रे आम्ही छापीत नाही, कारण ती आमच्यापाशी नसतात.

ज्या मंडळींत आपण वाढलो, त्यांच्यात आपण आता बसत नाही हे ध्यानी आल्यावर माणसाने काय करावे, हा प्रश्न लहान नाही. प्रत्येक संस्थेत तो कोणाना कोणापुढे उभा राहतो. म्हणून या मंगल प्रसंगी आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र सांगू इच्छितो की ज्याच्यापुढे हाच प्रश्न फार कठोर स्वरूपात उभा राहिला, आणि ज्याने त्याचे उत्तर आपल्या याच रायपूर नगरीत आपल्या आयुष्याने दिले. ते पुरुष म्हणजे पंडित माधवराव सप्रे.

छत्तीसगढातील मराठी माणूस हा कालपरवाचा पाहुणा नव्हे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशावर आली आणि बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले, तेव्हापासून कारकून, शिपाई, पुराणिक, वैद्य अशी घरे येथे रुजली. पुढे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, परंतु ही घरे परतली नाहीत. घरात मराठी, दारात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी किंवा इंग्रजी असा त्यांचा व्यवहार चालू राहिला. मध्यप्रांतातील अशाच एका मराठी घरात, दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी, जून १८७१ मध्ये माधवरावांचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब बिलासपुरास आले. थोरले बंधू बाबूराव यांचा माधवरावांच्या आयुष्यात वडीलकीचा अधिकार होता. या अधिकाराचा उल्लेख आम्ही आताच करून ठेवतो, कारण पुढे एका निर्णायक क्षणी तो आडवा येणार आहे.

बिलासपुरास मिडलपर्यंतचे शिक्षण झाल्यावर माधवराव रायपूरच्या सरकारी शाळेत आले आणि येथूनच त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली. या शाळेत नंदलाल दुबे नावाचे शिक्षक होते. त्यांच्या सहवासात या मराठी मुलास हिंदीची गोडी लागली. पुढे माधवराव कलकत्ता विद्यापीठाचे बी. ए. झाले. त्या काळी बी. ए. झालेल्या तरुणास सरकारी नोकरी चालून येत असे. तशी ती त्यांच्याकडेही आली, परंतु त्यांनी ती स्वीकारली नाही. त्याऐवजी पेंड्रा या दूरच्या जमीनदारीत राजकुमाराचे शिक्षक म्हणून ते राहिले आणि तेथील वेतनातून चार पैसे बाजूला टाकू लागले. ते पैसे घर बांधण्यासाठी नव्हते. एक मासिक काढण्यासाठी होते.

जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक निघाले. संपादक दोघे, माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोळकर. प्रकाशक वामनराव लाखे. तिन्ही नावे मराठी आणि मासिक मात्र हिंदी, ही गोष्ट आज आपणा सर्वांस विचार करण्याजोगी वाटेल. पेंड्र्यास तेव्हा छापखाना नव्हता. अंक आरंभी रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये आणि नंतर नागपूरच्या देशसेवक छापखान्यात छापून घ्यावा लागे. लेखन एकीकडे, छपाई दुसरीकडे आणि वर्गणीदार आणखी तिसरीकडे, अशा स्थितीत तीन वर्षे हा उद्योग त्यांनी चालविला. नव्या हिंदी ग्रंथांचे परीक्षण मुरवत न ठेवता करावे, हा पायंडा या मासिकाने पाडला, आणि हिंदीतील समालोचनेच्या इतिहासात त्याचे नाव आजही घेतले जाते. डिसेंबर १९०२ च्या अंकानंतर मात्र आर्थिक तोट्यामुळे ते बंद करावे लागले.

याच मासिकात १९०१ मध्ये माधवरावांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही लहानशी कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली कथा कोणती याविषयी अभ्यासकांत वाद आहे, पण त्या मानाच्या जागेसाठी ज्यांची नावे घेतली जातात त्यांत ही एक आहे. एका श्रीमंत जमीनदारास आपल्या वाड्यापुढील अनाथ विधवेची झोपडी नकोशी होते. तो कायद्याच्या बळावर ती घेतो. बेघर झालेली वृद्धा एक दिवस परत येते आणि नातीसाठी चूल करावयास त्या जागेतील टोपलीभर माती मागते. ती टोपली डोक्यावर चढविण्यास हात लावा म्हणून ती त्यालाच विनविते. जमीनदार टोपली उचलू पाहतो, पण ती त्यास उचलत नाही. आणि एका टोपलीचा भार पेलवत नाही, तर या सगळ्या जमिनीचा भार जन्मभर कसा पेलणार, हे त्यास कळून येते. तो झोपडी परत देतो. मूळ जागा सुटल्यावर तिची टोपलीभर माती मागणारी ती म्हातारी आपल्यासारख्या घरापासून दूर आलेल्या लोकांस परकी वाटत नाही. त्याचबरोबर आपली चूक उघडपणे मान्य करणाऱ्या मनुष्याचे चित्र लेखकाने तिशीतच रेखाटून ठेवले होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मासिक बंद पडल्यावर माधवराव स्वस्थ बसले नाहीत. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषेचा जो कोश हाती घेतला होता, त्यातील अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम त्यांनी केले. मग नागपुरास राहून त्यांनी ‘हिंदी ग्रंथमाला’ काढली. मिल्लच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचा महावीरप्रसाद द्विवेदी यांनी केलेला अनुवाद तिच्यातूनच वाचकांपुढे आला. वंगभंगानंतर देशात स्वदेशीचे वारे वाहू लागले होते. स्वदेशी आणि बहिष्कार या विषयावर माधवरावांनी पुस्तिका लिहिली. ती सरकारने पुढे जप्त केली. लोकमान्य टिळकांचा ‘केसरी’ मराठी घरांत जे काम करीत होता, तेच काम हिंदी भाषिकांत व्हावे, अशी त्यांची तळमळ होती. लोकमान्यांच्या संमतीने एप्रिल १९०७ मध्ये नागपुरात ‘हिंदी केसरी’ सुरू झाला. मराठी ‘केसरी’तील जळजळीत विचार आता हिंदी भाषिक वाचकांच्या हाती पडू लागले, आणि माधवराव टिळकपक्षाचे मध्यप्रांतातील एक प्रमुख शिलेदार म्हणून ओळखले जाऊ लागले.

येथे त्या काळच्या राजकारणाची थोडी आठवण करून देणे अवश्य आहे. १९०७ ची राष्ट्रीय सभा नागपुरास भरावयाची होती. परंतु नागपुरातील जहाल आणि मवाळ यांच्यात इतके बेबनाव झाले की ती सुरतेस हलविण्यात आली, आणि डिसेंबरात सुरतेस तर सभाच दुभंगली. म्हणजे माधवराव ज्या मंडळींत होते ती मंडळीही एका मोठ्या संघातून बाहेर पडलेलीच होती. अशा वेळी पक्षातील माणसांचे परस्परांवरील प्रेम जितके वाढते, तितकीच परस्परांकडून असलेली अपेक्षाही कठोर होते. १९०८ च्या जूनमध्ये लोकमान्यांस अटक झाली. २२ जुलै रोजी त्यांस सहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली व पुढे त्यांची रवानगी मंडालेस झाली. माफी मागून सुटण्याचा विचारही त्यांनी केला नाही. पक्षातील प्रत्येकाचे मोजमाप यापुढे याच मापाने व्हावयाचे होते.

त्यानंतर महिन्याभरातच, ऑगस्ट १९०८ मध्ये, ‘हिंदी केसरी’तील लेखांबद्दल राजद्रोहाच्या कलमाखाली माधवरावांस पकडण्यात आले. नागपूरच्या ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्यावरही त्याच सुमारास सरकारचा रोष झाला होता. माधवराव तुरुंगात असताना थोरले बंधू बाबूराव यांनी त्यांच्यापाशी धरणे धरले. माफी लिहून दिली नाही तर आपण प्राण ठेवणार नाही, अशी निर्वाणीची भाषा त्यांनी केली, असे माधवरावांच्या चरित्रात सांगितले जाते. एकीकडे पक्षाची प्रतिज्ञा आणि दुसरीकडे पित्यासमान बंधूंचे प्राण, असा तो पेच होता. माधवरावांनी माफी लिहून दिली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस ते तुरुंगाबाहेर आले.

हा भाग झाकून पुढे जावे, असा मोह चरित्रलेखकास होतो. आम्ही तो टाळतो, कारण स्वतः माधवरावांनी तो टाळला. बंधूंचे कारण खरे होते, परंतु ते कारण पुढे करून त्यांनी आपला बचाव मांडला नाही. जे शिक्षा भोगीत होते त्यांच्या घरीही भाऊ होते, पत्नी होत्या, लेकरे होती, हे त्यांस ठाऊक होते. बाहेर आल्यावर त्यांच्या नावावर टीका झाली. पण लोकांच्या टीकेपेक्षा त्यांच्या स्वतःच्या मनाचा निवाडा अधिक कडक होता. कालपर्यंत ज्या लेखणीने त्यांनी दुसऱ्यांस निर्भय होण्याचा उपदेश केला होता, त्याच लेखणीने माफीपत्र लिहिले होते. आता त्याच आसनावर बसून, त्याच आवेशाने, त्याच वाचकांपुढे कसे लिहावे?

त्यांच्यापुढे कोणत्या वाटा होत्या, याचा थोडा विचार करू. पहिली वाट अशी की काही झालेच नाही असे समजून पूर्ववत त्याच मंडळींत वावरावे. लोक काही काळ कुजबुजतात, मग विसरतात. या वाटेने पुष्कळजण जातात. त्यांची खुर्ची टिकते, पण शब्दाचे वजन जाते. दुसरी वाट त्याहून सोपी होती. ज्या पक्षाने आपणास कमी लेखले त्या पक्षाचेच दोष दाखवावेत, जहालपणा हाच कसा अविचार होता हे सांगावे आणि पलीकडच्या गोटात मानाने प्रवेश करावा. मध्यप्रांताच्या सरकारने अशा विद्वान माणसाचे स्वागतच केले असते. बी. ए. झालेल्या, तीन भाषा जाणणाऱ्या, माफी देऊन मोकळ्या झालेल्या गृहस्थास नोकरीची वाण पडली नसती. माधवरावांनी या दोन्ही वाटा सोडल्या. ते मंडळींतून उठले. पण ज्या कार्यासाठी मंडळी जमली होती त्या कार्याकडे त्यांनी पाठ फिरविली नाही. ही तिसरी वाट अवघड आहे, कारण तिच्यावर चालणाऱ्यास जुन्या सोबत्यांची सावली मिळत नाही आणि नव्या सोबत्यांची पाठराखणही मिळत नाही.

‘हिंदी केसरी’ लवकरच बंद पडला. माधवराव वर्ध्याजवळील हनुमानगड येथे श्रीधर विष्णु परांजपे या रामदासी सत्पुरुषांकडे गेले आणि तेथे त्यांनी व्रतस्थ जीवन पत्करले. मग रायपुरात येऊन रामदासी मठाच्या आश्रयाने ते राहू लागले. कालचा संपादक झोळी घेऊन मधुकरी मागे आणि मिळेल ते अन्न खाई. रायपूरच्या मराठी वस्तीत ज्या घरी त्यांस पूर्वी सन्मानाने पाट मांडला जात असे, त्याच घराच्या उंबरठ्यावर त्यांनी भिक्षेसाठी उभे राहावे, यात घरच्यांची मान खाली जात असेल. त्यांची जात नव्हती. या काळातील त्यांचे काही लेखन ‘माधवदास रामदासी’ अशा नावाने आहे. ज्या नावाला डाग लागला असे त्यांस वाटले, ते नावही काही काळ त्यांनी बाजूस ठेवले.

येथे एक शंका येईल. हे सर्व म्हणजे केवळ पलायन नव्हे काय? राजकारणात हार झाली म्हणून मठाचा आसरा घेणारे थोडे नसतात. उत्तर त्यांच्या कामातच आहे. मठात बसून माधवरावांनी समर्थांच्या दासबोधाचे पारायणावर पारायण केले, आणि मग तो अवघा ग्रंथ हिंदीत आणला. ज्यांनी दासबोध वाचला आहे त्यांस हे काम किती कठीण ते सांगावयास नको. समर्थांचे शब्द रोकठोक मराठी मातीचे आहेत. ते परभाषेत न्यावयाचे तर दोन्ही भाषा केवळ जाणून भागत नाही, दोहोंतही घर करावे लागते. छत्तीसगढच्या मराठी घरातील या माणसापाशी नेमके ते होते. ‘हिंदी केसरी’ चालविताना ते मराठीतील विचार हिंदीत नेत होतेच. आसन गेले, वृत्तपत्र गेले, पक्षातील स्थान गेले. हे मूळ काम मात्र कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते, आणि तेच त्यांनी उचलले.

१९१४ च्या जूनमध्ये लोकमान्य मंडालेहून सुटून आले. तुरुंगात त्यांनी गीतारहस्याचे हस्तलिखित लिहिले होते. जून १९१५ मध्ये तो ग्रंथ मराठीत प्रसिद्ध झाला, आणि त्याचा हिंदी अनुवाद करण्याचे काम माधवराव सप्रे यांच्याकडे आले. या घटनेचे मोल वाचकांनी सावकाश पाहावे. ज्या पुरुषाने सहा वर्षे हालअपेष्टा सोसल्या, त्याच्या त्या सहा वर्षांचे सर्वांत मोठे फळ, माफी देऊन सुटलेल्या माणसाच्या हाती विश्वासाने देण्यात आले. दासबोधाच्या अनुवादाने माधवरावांची योग्यता सिद्ध झाली होती हे खरेच. परंतु योग्यता असूनही जुनी चूक पुढे करून दार बंद ठेवणारे लोक जगात पुष्कळ असतात. लोकमान्यांनी ते ठेवले नाही. हिंदी गीतारहस्याच्या आरंभी अनुवादकाचे जे निवेदन आहे, त्याखाली स्थळ आहे रायपूरचा रामदासी मठ, आणि दिवस आहे संवत् १९७३ मधील देवशयनी एकादशी, म्हणजे जुलै १९१६. पंढरीत आषाढीचा गजर चालू असताना रायपूरच्या एका मठात बसलेला हा मराठी माणूस मराठीतील एक महान ग्रंथ हिंदी भाषिकांच्या स्वाधीन करीत होता. पुढे १९२० मध्ये चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचा त्यांचा अनुवादही ‘महाभारत मीमांसा’ या नावाने प्रसिद्ध झाला. मराठी आणि हिंदी यांच्यामध्ये या तीन ग्रंथांनी जो सेतू बांधला, तो आजही उभा आहे.

हळूहळू माधवराव पुन्हा लोकांत वावरू लागले. परंतु त्यांच्या वावरण्याची तऱ्हा बदलली होती. १७ जानेवारी १९२० रोजी जबलपुरास ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक निघाले. त्यामागील प्रेरणा आणि खटपट मोठ्या अंशाने माधवरावांची होती. संपादकाच्या खुर्चीवर मात्र त्यांनी खंडव्याचे तरुण कवी माखनलाल चतुर्वेदी यांस बसविले. माणसे हेरावीत, त्यांस पुढे आणावे, त्यांच्या पाठीशी उभे राहावे आणि आपण मागे राहावे, हा आता त्यांचा क्रम झाला होता. हेच माखनलालजी पुढे हिंदीतील अग्रगण्य कवी झाले आणि १९५५ मध्ये हिंदीसाठीचा साहित्य अकादमीचा पहिला पुरस्कार त्यांस मिळाला. ते माधवरावांस गुरुस्थानी मानीत. ज्याने आपले आसन सोडले त्याने दुसऱ्यास आसन मिळवून दिले, असे या प्रसंगाचे वर्णन केल्यास चूक होणार नाही.

रायपुरातही त्यांचे हात रिकामे नव्हते. मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी पाठशाळा त्यांनी उभी केली. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या राष्ट्रीय सभेने असहकाराचा ठराव कायम केला, आणि १९२१ मध्ये रायपुरास राष्ट्रीय विद्यालय स्थापन झाले. त्याच्या स्थापनेतही माधवराव अग्रभागी होते. सरकारी शाळा सोडलेल्या मुलांनी केवळ रस्त्यावर घोषणा देत हिंडू नये, त्यांस शिकण्यासाठी दुसरे छप्पर मिळावे, हा त्यामागील विचार होता. जुनी जागा सोडावयास सांगणाऱ्याने नवी जागाही दाखवावी लागते, हे स्वानुभवाने त्यांच्याइतके कोणास कळले असेल? ‘छत्तीसगढ मित्र’चे त्यांचे जुने सहकारी वामनराव लाखे हेही याच काळात रायपूरच्या सार्वजनिक जीवनाचे आधारस्तंभ झाले होते. सहकारी पतपेढ्यांच्या चळवळीचा पाया या भागात लाख्यांनी घातला. वीस वर्षांपूर्वीची ती मैत्री तुरुंग, माफी आणि मठ या सर्वांतून तरून आली होती.

१९२४ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अधिवेशन देहरादून येथे भरले आणि त्याचे सभापतिपद माधवरावांस देण्यात आले. मातृभाषा मराठी असलेल्या गृहस्थास हिंदी भाषिकांनी आपल्या सर्वोच्च साहित्यपीठावर बसविले. एका मंडळीतून मान खाली घालून उठलेल्या माणसास सोळा वर्षांनी याहून मोठ्या मंडळीने आपल्या मध्यभागी बसविले, असेही म्हणता येईल. त्यानंतर थोड्याच अवधीत, एप्रिल १९२६ मध्ये, रायपुरातच त्यांचे देहावसान झाले. वयाची पंचावन्न वर्षेही पुरी झाली नव्हती. आज रायपूरच्या बूढापारा भागातील शाळा त्यांचे नाव धारण करून आहे. भोपाळ येथे १९८४ मध्ये स्थापन झालेले जुन्या वृत्तपत्रांचे मोठे संग्रहालयही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मराठी वाचकांत मात्र त्यांची ओळख हवी तितकी राहिली नाही, ही खंत आम्हास बोलून दाखविली पाहिजे.

या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? मंडळ सोडू नये, एकी राखावी, असा बोध काढणे सोपे आहे. पण माधवरावांचे चरित्र तसे सांगत नाही. कधी कधी उठून जाणे हेच प्रामाणिकपणाचे असते. आपला शब्द आणि आपली कृती यांत अंतर पडले असता, ते अंतर झाकून पुढच्या रांगेत बसण्यापेक्षा उठलेले बरे. परंतु उठताना आपण काय सोडीत आहो आणि काय बरोबर नेत आहो, याचा हिशेब मनाशी चोख असावा. माधवरावांनी खुर्ची सोडली, नाव सोडले, अन्नाची निश्चितीही सोडली. मराठीतील उत्तम विचार हिंदी बांधवांपर्यंत नेण्याचे व्रत मात्र त्यांनी टोपलीतल्या मातीप्रमाणे बरोबर नेले आणि त्याच मातीची नवी चूल मांडली.

या गोष्टीची दुसरी बाजू उरलेल्या मंडळींची आहे, आणि आज सुवर्णमहोत्सवाच्या मांडवात बसलेले आपण सर्व उरलेले आहो. लोकमान्यांसारखा अधिकार आपल्यापाशी नाही, पण त्यांच्यासारखे वागण्याची संधी प्रत्येक संस्थेस मिळते. जो गेला त्याच्या घरी कोणी जाऊन आले काय? त्याच्या हातास शोभेल असे काम त्याच्याकडे कोणी नेले काय? हिशेबाच्या वहीतील एखाद्या जुन्या वादापायी किंवा एखाद्या सभेतील कडू शब्दापायी जी मंडळी दूर झाली, त्यांतील काहींचे वय झाले आहे आणि काही हयात नाहीत. काहींची मुले घरात हिंदी बोलतात म्हणून मंडळाच्या कार्यक्रमास येण्यास संकोचतात. त्यांस तर माधवराव सप्रे हे नाव अगत्याने सांगावे, कारण दोन भाषांत वाढणे ही उणीव नसून ते केवढे बळ आहे, हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणी दाखविलेले नाही.

या स्मरणिकेची एक प्रत सभासदांच्या यादीबाहेरील त्या घरांतही पोहोचावी, अशी आमची मंडळाच्या कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. प्रत टपालाने पाठवू नये. कोणीतरी स्वतः जाऊन, उंबरठ्याशी उभे राहून, ती हाती द्यावी.